इंधनमापक, मोटारगाडीतील
टाकीतील इंधनाची पातळी चालकासमोरील फलकावर दाखविणारे उपकरण. जुन्या मोटारगाड्यांतील विद्युत् इंधनमापकात टाकीतील प्रेषक, फलकावरील दर्शक व त्यांना जोडणारी तार असे तीन भाग असतात. प्रेषकातील पोकळ प्लव इंधनाबरोबर वरखाली होतो आणि त्याची भुजा रोधकावर सरकते. रोध बदलला की प्रवाह बदलतो. त्याच्या उष्णतेने दर्शकातील द्विधातू पट्टी वाकून काटा हलतो. स्मिथ्स बनावटीच्या ब्रिटिश मापकांत स्थिरक सरासरी सुमारे १० व्होल्ट दाब पुरवितो.

काटा चुकीचा दाखवू लागल्यास टाकी उघडण्यापूर्वी दोष कोणत्या भागात आहे, ते ठरवितात. इंधन व तापमान हे दोन्ही काटे चुकत असतील, तर दोष बहुधा सामाईक स्थिरकात असतो. केवळ इंधनाचाच काटा चुकत असेल, तर प्रेषकाची तार सोडवितात. अशा मापकात काटा ‘रिकामी’ खुणेवर राहावयास हवा. किल्ली बंद ठेवून ती तार सांगाड्यास जोडतात व किल्ली काही सेकंदच चालू करतात. काटा ‘भरलेली’ खुणेकडे गेल्यास दर्शक व तार निर्दोष ठरतात. जनरल मोटर्सच्या अनेक जुन्या गाड्यांत रिकाम्या टाकीस ० व भरलेल्या टाकीस सुमारे ९० ओहम रोध असल्याने हे निष्कर्ष उलटे होतात.

प्रेषकाकडील नेहमीचे दोष म्हणजे गंजलेला भूसंपर्क, झिजलेला रोधक व छिद्र पडून बुडालेला प्लव. पेट्रोलची वाफ ठिणगीने पेटते. म्हणून प्रेषक काढण्यापूर्वी विद्युत् घटमालेची जोडणी सोडविणे आवश्यक असते.