पेटीतली चिठ्ठी

माळ्यावरची जुनी बिलबुकं काढताना परवा एक पिवळी पडलेली झेरॉक्स हाती लागली. २००८ सालची. आमच्या आंब्याच्या पेटीत मी घातलेली पहिली चिठ्ठी. ‘कोकणच्या लाल मातीत, सागराच्या साक्षीने, निसर्गाने मायेने घडवलेले हे अमृतफळ आपल्या सेवेशी सादर करताना अत्यंत आनंद होत आहे.’ एकच वाक्य आणि त्यात तीन थापा. आमची बाग लाल मातीत नाही, कातळावर आहे. सुरुंग लावून खड्डे काढले, माती बाहेरून आणून भरली, तेव्हा कुठे कलमं उभी राहिली. बागेतून समुद्र दिसत नाही. आणि आनंद म्हणाल तर त्या आठवड्यात घरातलं एकही माणूस धड झोपलेलं नव्हतं.

लग्न होऊन पुण्याहून देवगड तालुक्यात आले तेव्हा माल सगळा वाशीला जायचा. पेट्या ट्रकवर चढल्या की आपलं काम संपलं. मग दलालाची पट्टी येईल ती खरी. सासरे ती पट्टी वाचून, घडी घालून खिशात ठेवत आणि त्या दिवशी जेवताना बोलत नसत. मीच म्हटलं, माहेरच्या ओळखीत चाळीस पेट्या थेट देऊन बघू. माल उत्तम होता, पोचलाही वेळेवर. तिसऱ्या दिवशी सदाशिव पेठेतून फोन आला, “अहो, हे तर सगळे हिरवे आहेत. लोणचं घालू का?” दुसऱ्या एका घरी पेटी आल्या आल्या सगळी फळं धुऊनपुसून फ्रिजमध्ये गेली होती. ती शेवटपर्यंत पिकली नाहीत, काळी मात्र पडली.

चूक त्यांची नव्हती. हातगाडीवरून तयार आंबा घेणाऱ्याला गवतात पिकवायची आढी कशी ठाऊक असणार? चिठ्ठी लिहिताना मला अमृत आठवलं, गवत आठवलं नाही.

पुढच्या वर्षीची चिठ्ठी अशी होती: ‘पेटी आजच उघडा. फळं गवतावर एकेरी पसरा. गवत नसेल तर वर्तमानपत्र चालेल. फ्रिज नको. एक दिवसाआड बघा, तयार झालेली वेगळी काढा. पिवळी दिसली म्हणून घाई करू नका. साल किंचित सुरकुतली की खा.’ काढणीला येणाऱ्या एका वयस्कर गड्याला ती वाचून दाखवली. तो म्हणाला, “वयनी, ह्यां पण लिवन सांगूक व्हया?” सांगावं लागत होतं खरं. त्या वर्षी हिरव्या आंब्यांबद्दल फक्त दोन फोन आले, आणि दोघांनीही चिठ्ठी न वाचता पेटीतल्या गवताबरोबर टाकून दिली होती.

मग जानेवारीत गिऱ्हाइकांना पोस्टकार्ड पाठवायला लागले. कार्ड पन्नास पैशांचं, पण छापील मजकुराच्या कार्डाला जास्त पैसे पडत, म्हणून साठ कार्डं हातानेच लिहायची. त्यानंतर एसएमएस आले. रोमन अक्षरांत लिहिलं तर एका संदेशात १६० अक्षरं बसत, देवनागरीत लिहिलं तर ७०. सत्तर अक्षरांत काना, मात्रा, वेलांटी सगळं मोजलं जातं. पल्लेदार विशेषणांची सवय मोडायला याहून चांगली शाळा नाही. ‘अस्सल’, ‘दर्जेदार’, ‘सुप्रसिद्ध’ हे शब्द माझ्या लिहिण्यातून गेले ते संस्कारांमुळे नव्हे, पैशांमुळे.

फेसबुकच्या वर्षांबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. सूर्यास्ताच्या फोटोला चारशे अंगठे आले आणि पेट्या गेल्या अकरा. अंगठे देणाऱ्यांत निम्मे आमचेच बागायतदार शेजारी होते. त्यांच्याकडे आंब्यांना काय तोटा!

खरी परीक्षा साक्याची. २०१४ साली एका घरी साखरपुड्याच्या पंगतीत आमचा आंबा कापला आणि पाहुण्यांसमोर आतून पांढरट, स्पंजासारखा गर निघाला. हापूस पिकवणाऱ्यांच्या पाचवीलाच हा पुजलेला आहे. फळ बाहेरून देखणं, वास घमघमीत, आणि कोयीभोवती हा आंबूस भाग. कापल्याशिवाय कळत नाही, म्हणून निवडून बाजूलाही काढता येत नाही. झाडावर फार वेळ राहिलेल्या फळात तो जास्त, तापलेल्या जमिनीची धग लागली, काढलेलं फळ उन्हात पडून राहिलं, तर आणखी जास्त. म्हणून ८०-८५ टक्के तयार झालेलं फळ ऊन चढायच्या आत झेल्याने देठासकट काढायचं आणि लगेच सावलीत न्यायचं. एवढं करूनही एखादं निघतंच.

त्या घरच्या बाईंचा आवाज फोनवर रडवेला झाला होता. मी ठरवलं, हे लिहायचं. सासरे कडाडले, “आपल्या मालाची बदनामी आपणच करायची? वाशीत कोणी पाटी लावतो काय, माझ्या आंब्यात साका आहे म्हणून?” दोन दिवस घरात अबोला. तरीही लिहिलं: साका म्हणजे काय, तो का होतो, आम्ही काय काळजी घेतो, तरी पेटीत एखादं फळ असं निघू शकतं, निघालं तर फोटो पाठवा, पुढच्या पेटीत तेवढी फळं जास्त घालू. कापलेल्या खराब आंब्याचा फोटोही दिला. वर्षभरात मी जे जे लिहिलं त्यात हेच सगळ्यात जास्त घरांत फिरलं. लोकांनी इतरांकडून घेतलेल्या आंब्यांचे फोटोसुद्धा मला पाठवले! बदली फळं किती द्यावी लागली, तर त्या हंगामात एकतीस. सासऱ्यांनी तो आकडा स्वतः वहीत लिहून ठेवला आहे.

त्याच सुमारास पुण्यात एका वाचनालयात ‘किर्लोस्कर’ मासिकाचे जुने बांधीव अंक चाळायला मिळाले. तोवर मला ते एक जुनं नावाजलेलं मासिक एवढंच माहीत होतं. त्याचा जन्म नांगराच्या कारखान्यात झाला, हे मागाहून कळलं. लोखंडी नांगराने जमिनीत विष कालवलं जातं अशी समजूत असलेल्या शेतकऱ्यांना लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगर विकला. आणि १९२० साली त्यांचे पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ काढली. सुरुवात कारखान्याच्या, मालाच्या बातम्यांची. पण शंकरराव स्वतः चित्रकार, व्यंगचित्रं काढणारे. त्यांचं मन तेवढ्यात रमणारं नव्हतं. खबरीचं पुढे घराघरांत वाचलं जाणारं मासिक झालं, १९३० साली ‘स्त्री’ आलं, १९३४ साली ‘मनोहर’. पंप आणि नांगर विकणारं घर वाचकाला नांगराशिवायही डोकं आहे असं धरून चाललं, हे मला फार आवडलं. आपल्याला काही मासिक काढायचं नव्हतं. पण मी गिऱ्हाइकाशी फक्त एप्रिल-मेमध्ये, म्हणजे पैसे घ्यायच्या वेळेलाच बोलत होते. उधारी मागायला येणाऱ्या पाहुण्यासारखं.

म्हणून त्या नोव्हेंबरपासून एक खेळ केला. घराच्या मागच्या कलमाची एकच फांदी धरली आणि दर पंधरा दिवसांनी तिचा फोटो, खाली चार ओळी. थंडी लांबली म्हणून मोहोराऐवजी पालवीच फुटली. मग मोहोर आला. तुडतुडे आले, फवारणी झाली. जानेवारीअखेर अवकाळी पाऊस पडला आणि निम्मा मोहोर काळा झाला. कणी धरली, सुपारीएवढी झाली, गळ सुरू झाली. एका तुऱ्यावर शेकड्यांनी फुलं, आणि हाताशी राहतं एखाद-दुसरं फळ. मार्चमध्ये त्या फांदीवर तीन आंबे उरले होते. त्या वर्षी भाव डझनामागे दोनशेने वाढवावा लागला. ‘भाव का वाढला?’ असं एकाही जुन्या गिऱ्हाइकाने विचारलं नाही. उलट एका आजोबांनी फोन करून विचारलं, “ते तीन आंबे कोणाला देणार?”

फसलेली कामंही सांगायला हवीत. २०१७ साली ‘अक्षय्य तृतीयेला घरपोच, नक्की’ असं लिहून बसले आणि फळ तयारच झालं नाही. कोवळं काढून पाठवायचं की माफी मागायची? माफी मागितली; सतरा घरं कायमची तुटली. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा ‘खरा देवगड ओळखा’ असं लांबलचक लिहिलं. परराज्यातला आंबा देवगडच्या नावाच्या खोक्यात विकला जातो, हा राग त्यात ठासून भरला होता. रागाचं लिहिणं दुकानदाराला शोभत नाही. ते कोणी पूर्ण वाचलं नसावं. मलाही आता वाचवत नाही.

आणि मग २०२०. मार्चअखेर टाळेबंदी, झाडावर फळ तयार, वाशीचं काहीच खरं नाही. त्या दीड महिन्यात मी जे लिहिलं ते मला माझं सगळ्यात चांगलं लिहिणं वाटतं. कोणत्या सोसायटीच्या फाटकाशी, कोणत्या तारखेला, किती वाजता टेम्पो उभा राहील. पेटीत किती डझन, भाव काय, सुटे पैसे आणा. बस. व्हॉट्सॲपच्या एका यादीत २५६ जणच बसतात, आणि त्यातही ज्याने आपला नंबर जपून ठेवलाय त्यालाच निरोप पोचतो. इतक्या वर्षांत चिठ्ठीच्या वरच लिहिलेलं ‘हा नंबर सेव्ह करा’ तेव्हा कामी आलं. आमच्या अशा चार याद्या झाल्या.

पुढच्याच वर्षी १६ मे रोजी तौक्ते वादळ किनाऱ्याने गेलं. सकाळी बागेत गेलो तर पायाखाली आंब्यांचा चिखल. वीज नाही, रेंज नाही. दोन दिवसांनी सड्यावर चढून एक निरोप पाठवला: ‘वादळात फळ पडलं. राहिलेल्या बावीस पेट्या देता येणार नाहीत. शुक्रवारपर्यंत पैसे परत करतो. घरची माणसं सुखरूप आहेत.’ नऊ जणांनी कळवलं की पैसे राहू द्या. आम्ही परत केले. आज उधार घेतलेली दया उद्या भावात कापली जाते, असं सासऱ्यांचं म्हणणं. आणि ते मला पटलं.

आता पुतण्या मदतीला आला आहे. यंदाच्या चिठ्ठीचा मजकूर त्याने मोबाइलला सांगून दहा सेकंदांत तयार केला. ‘कोकणच्या निसर्गरम्य कुशीत, पिढ्यान्पिढ्यांच्या प्रेमाने जपलेला सुवर्णवारसा...’ मी माळ्यावरून काढलेली झेरॉक्स त्याच्यासमोर ठेवली. तो हसला, मग जरा ओशाळला, आणि दोन्ही मजकूर बाजूला सारून लिहायला बसला: पेटी आजच उघडा.

ती चिठ्ठी रात्री सासऱ्यांकडे गेली. आता त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय काहीच छापायला जात नाही. चष्मा लावून त्यांनी दोनदा वाचली. साक्याची ओळ खाली होती ती बाणाने वर घेतली. शेवटी ‘अक्षय्य तृतीयेपर्यंत पेट्या मिळतील’ असं पोराने हौसेने घातलं होतं, त्यावर पेन्सिलीने आडवी रेघ मारली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, “ह्या सणाचं नाव आपल्या घरात काढायचं नाही.”