नवा पार

गावच्या पारावर कोणी काही बोलले, तर त्याचा जाब कोणी पाराला विचारीत नाही. आज जगाचा पार इंटरनेटवर भरतो. परंतु तो कंपन्यांच्या मालकीचा असतो. म्हणून न रुचणारे लिखाण नाहीसे करण्यास शासनाला लेखकापर्यंत जावेच लागते असे नाही. कंपनीवर दडपण आणले तरी काम भागते. खटल्याच्या धास्तीने कंपनी ते लिखाण निमूटपणे काढून टाकते आणि लेखकाची बाजू ऐकलीच जात नाही.

आपल्या देशात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ या कलमान्वये इतरांना त्रास देणारा संदेश पाठविणे हा गुन्हा होता. २०१२ साली पालघर येथे फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. तेव्हा श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. कोणाला कशाने त्रास होईल, याला माप कोठले? २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने हे अस्पष्ट कलम रद्द केले. न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची रीतसर सूचना आल्यावरच मजकूर काढण्याचे बंधन कंपनीवर येते, केवळ कोणाच्या तक्रारीने नव्हे, असेही सांगितले. ती सूचनाही संविधानाने घालून दिलेल्या कारणांपुरतीच असावी लागते.

हिंसेस चिथावणी देणाऱ्या लिखाणास आळा घालावाच लागतो. परंतु तो घालणाऱ्याने आपले कारण स्पष्ट सांगितले पाहिजे. मुलांनो, ज्याचे लिखाण पुसले जाते, त्याला ‘का?’ असे विचारता येणे, हाच स्वातंत्र्याचा खरा आधार होय.