माजघरापर्यंतचं वायफाय

खर्ड्याचं नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते लढाईमुळे. ११ मार्च १७९५ रोजी मराठ्यांनी निजामाला इथे गाठलं. त्याने गावच्या किल्ल्याचा आसरा घेतला, तिथेच तो कोंडला गेला आणि शेवटी तह करून सुटला. निंबाळकरांनी बांधलेला तो शिवपट्टण किल्ला जामखेड तालुक्याच्या या टोकाला अजून उभा आहे. अहिल्यानगरच्या या पट्ट्यात दगडाचं नवल कुणालाच नाही. जुनी माळवदाची घरं, दगडमातीच्या रुंद भिंती, त्यांत खोल देवळ्या. उन्हाळ्यात अशी भिंत म्हणजे सुखच. वायफायला मात्र ती किल्ल्याच्या तटासारखी आडवी येते.

अशा घरात नवा लॅपटॉप आला की पहिले काही दिवस मोबाईलच्या हॉटस्पॉटवर निघतात. मग लॅपटॉप स्वतःला अपडेट करायला घेतो, दिवसाचा डेटा दुपारच्या आतच संपतो आणि घरात फायबरची जोडणी घ्यायचं ठरतं. वायर घेऊन आलेला पोरगा दारावरच्या भोकातून ती आत ओढतो, ओसरीत खिळा ठोकून राउटरची पेटी टांगतो, हिरवे दिवे लागलेले दाखवतो आणि निघून जातो. अभ्यासाचं टेबल असतं माजघरात. तिथे लॅपटॉपवर पंख्याच्या आकाराच्या खुणेची एकच रेघ उरते. फोन जातो केबलवाल्याला, आणि मोठा पॅक घ्या असा सल्ला मिळतो.

इथेच पैसे वाया जातात. शंभरचा पॅक म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिट. फाईल मोजायच्या मापात साधारण साडेबारा मेगाबाइट. पण हा वेग पेटीपर्यंतचा. पेटीपासून लॅपटॉपपर्यंतची वाट घरमालकाची, आणि तिथे राज्य भिंतीचं. खात्री करायची तर लॅपटॉप पेटीजवळ नेऊन वेग मोजावा, मग तसाच उघडा धरून माजघरात जावं आणि पुन्हा मोजावा. ओसरीत वेग पुरेसा असेल आणि उंबरा ओलांडताच तो कोसळत असेल, तर दोष पॅकचा नाही.

वायफाय म्हणजे रेडिओच. बहुतेक पेट्या दोन पट्ट्यांवर बोलतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्याची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटरची, दुसऱ्याची सहाच्या आसपास. वरात पलीकडच्या आळीत असली की घरात ढोलाचा ठोका येतो, सनई विरून जाते. तसंच इथे आहे. २.४ भिंतीतून बऱ्यापैकी झिरपतो, पण वेगाला कमी आणि गर्दीचा. मायक्रोवेव्ह ओव्हन आणि ब्लूटूथही तिथेच वावरतात. ५ चपळ, पण जाड भिंतीपुढे हात टेकतो. म्हणून ओसरीत ५ चं नाव निवडावं आणि आतल्या खोलीत २.४ चं. दोन्हींना एकच नाव दिलेलं असेल, तर निवड लॅपटॉप आपल्या मनाने करतो.

भिंतींचा आणखी एक उपद्रव आहे, तो म्हणजे प्रतिध्वनी. लहर सरळ येते, तशीच छतावर, कपाटावर आपटून किंचित उशिराही येते आणि सगळा गोंधळ होतो. हा गुंता सोडवणाऱ्यांत ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे. तिथले जॉन ओसुलिव्हन मूळचे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. कृष्णविवरांच्या स्फोटांतून येणारे क्षीण संकेत शोधताना जे गणित हाताशी आलं, ते पुढे घरातल्या प्रतिध्वनींवर उपयोगी पडलं. १९९६ मध्ये त्यांच्या गटाला अमेरिकेत पेटंट मिळालं. याच संस्थेने आधी आपल्याला दिलेल्या बत्तीस डिशांवर प्रा. गोविंद स्वरूप यांनी १९६५ मध्ये कल्याणला रेडिओ दुर्बीण उभी केली होती. पुढे जुन्नर तालुक्यात खोडदला झालेली महादुर्बीणही त्यांचीच. ओसरीतल्या पेटीचं आणि त्या दुर्बिणींचं नातं असं चुलत घराण्यातलं आहे.

पेटीची जागा बदलणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय, आणि तोच सहसा कुणी करत नाही. देवळीत ठेवली तर ती तीन बाजूंनी दगडात गाडली जाते. लोखंडी कपाट, टीव्हीची पाठ, फ्रिजचा माथा, पाण्याच्या पिंपाशेजारची जागा, सगळ्याच वाईट. धातू लहर परतवतो, पाणी ती पिऊन टाकतं. पेटी उंचावर, उघड्यावर, शक्यतो दाराच्या रेषेत हवी. लहरीला दार मिळालं तर भिंत फोडावी लागत नाही.

तरीही माजघर कोरडंच राहिलं तर बाजारात रिपीटर मिळतो. तो माजघरातच लावला, तर मेलेल्या सिग्नलची नक्कल तेवढी वाटत बसतो. त्याची जागा अधल्यामधल्या वाटेवर. त्याहून खात्रीचं म्हणजे छताच्या कडेने लॅनची वायर आत नेणं. शंभर मीटरपर्यंत ती बिनतक्रार चालते, आणि एवढा लांब वाडा आता उरलाय कुणाचा? आत तिच्या टोकाला माळ्यावर पडलेला जुना राउटर चालतो. फक्त त्याला ॲक्सेस पॉइंट म्हणून बसवावं लागतं, म्हणजे घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायचं काम एकट्या मुख्य पेटीकडे राहतं.

पासवर्ड दोन असतात, याचा विसर फार जणांना पडतो. एक वायफायचा, पेटीच्या बुडाला चिकटवलेला. दुसरा पेटीच्या आतल्या सेटिंगचा, जो अनेक घरांत कारखान्यातून आला तसाच राहतो. दोन्ही बदलावेत आणि सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडावं. शेजारच्या पोराला नाही म्हणणं गावात जड जातं, त्यासाठी पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क असतं. त्याचा पासवर्ड खुशाल द्यावा आणि परीक्षेच्या आठवड्यात ते बंद ठेवावं.

राहता राहिली वीज. बऱ्याच पेट्या बारा व्होल्टवर चालतात, त्यांच्यासाठी हाताच्या पंजाएवढे छोटे यूपीएस मिळतात. दिवे गेले तरी पेटी जागी राहते, लॅपटॉप आपल्या बॅटरीवर असतो आणि ऑनलाईन वर्ग सुरू राहतो. पण केबलवाल्याकडच्या यंत्राला बॅकअप नसेल, तर घरातल्या पेटीवर लाल दिवा लागतो आणि मोबाईलचा हॉटस्पॉट पुन्हा कामाला येतो.