अनटिल, व्हाईल, सिन्स: मेथड्स लिहिताना होणारा घोळ

माझ्या पहिल्या पेपरच्या ड्राफ्टमध्ये गाईडनी एका वाक्याखाली दोनदा लाल रेघ मारली होती. वाक्य टायट्रेशनचं होतं: ‘द बेस वॉज ॲडेड अनटिल द कलर डिड नॉट चेंज.’ बाजूला एकच प्रश्न: ‘मग थांबलास कधी?’ मला काही कळेचना. मराठीत आपण असंच तर म्हणतो, ‘रंग बदलत नाही तोपर्यंत थेंब थेंब टाका’!

घोळ इथेच आहे. मराठीत ‘तोपर्यंत’च्या आधी ‘नाही’ चालतं. इंग्रजीत ‘अनटिल’नंतर थांबण्याचा क्षण येतो, म्हणून तिथे ‘नॉट’ नको. फिनॉल्फ्थॅलीन असेल, तर फिकट गुलाबी रंग टिकला की आपण थांबतो. म्हणून लिहायचं: ‘अनटिल अ पेल पिंक कलर परसिस्टेड.’ माझं वाक्य वाचून कुणी रंग बदलायचा थांबेपर्यंत बेस टाकत राहिला असता, तर एंडपॉइंट केव्हाच मागे पडला असता.

आता ‘व्हेन’. ‘द्रावण गार होत असताना’ म्हणजे ‘व्हाईल’ आणि ‘गार झाल्यावर’ म्हणजे ‘आफ्टर’. आपण दोन्हीकडे ‘व्हेन’ टाकून मोकळे होतो. पण पीएच तापमानानुसार बदलतो. रीडिंग नेमकं कधी घेतलं हे कळलं नाही, तर दुसऱ्याचा आकडा तुमच्याशी जुळणार कसा?

‘सिन्स’चं तर विचारूच नका. ‘सिन्स द सॅम्पल वॉज हीटेड’ म्हणजे गरम केल्यापासून, की केल्यामुळे? कारण सांगायचं असेल तर सरळ ‘बिकॉज’ लिहा. आणि ‘दोन तासांपासून’ हे ‘सिन्स टू आवर्स’ नाही, ‘फॉर टू आवर्स’. ‘सिन्स’ला सुरुवातीची वेळ लागते: ‘सिन्स टेन ओ’क्लॉक’.

रिसर्च प्रपोजल लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक. ‘तापमान ६० अंशांवर जाईल तेव्हा’ याचं ‘व्हेन द टेंपरेचर विल रीच’ करू नका. काळ भविष्यातला असला तरी इथे ‘रीचेस’च येतं.

मी आता एक करतो. वाक्य आधी मराठीत म्हणून बघतो: ‘-ताना’, ‘-ल्यावर’, ‘-पर्यंत’, ‘-पासून’ की ‘-मुळे’? ते ठरलं की इंग्रजी शब्द आपोआप सुचतो. मेथड्स हा भाग दुसऱ्याला तोच प्रयोग करता यावा म्हणून असतो. तो दुसरा माणूस आपल्याला फोन करून विचारणार नाही. तुमचा ड्राफ्ट काढा आणि आधी सगळे ‘व्हेन’ तपासा!