दोन ग्रंथांच्या मधलं हैदराबाद

हैदराबादेत बाग करायची आणि झाडं इथलीच लावायची, असं ठरवलं की पहिला पेच पडतो तो ‘इथलं’ कशाला म्हणायचं याचा. शहराभोवतालच्या टेकड्यांवर सीताफळ कुणी न लावता उगवतं, तरी ते मूळचं अमेरिका खंडातलं. अशा वेळी अंदाज कामाचा नाही. फ्लोरा, म्हणजे एखाद्या मुलखातल्या झाडाझुडपांची शास्त्रीय नोंद करणारा ग्रंथ, उघडायलाच हवा.

आणि गंमत अशी की बागवानांना आजही उपयोगी पडणाऱ्या दोन थोर जुन्या फ्लोरांच्या नेमकं मधे हैदराबाद सापडलं. मुंबई इलाख्याचा फ्लोरा थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात लिहिला. हे गृहस्थ पेशाने इंजिनिअर, पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य! मद्रास इलाख्याचं काम वनाधिकारी गॅम्बल यांनी हाती घेतलं. पहिला भाग 1915 साली आला. 1925 मध्ये ते वारले आणि फिशर यांनी ते 1936 मध्ये तडीस नेलं. दोन इलाख्यांच्या मधे निजामाचं राज्य होतं, ते मात्र दोघांच्याही कक्षेबाहेर राहिलं. 1911 साली पार्ट्रिज यांनी निजामी मुलखातल्या जंगलांचा फ्लोरा काढला, पण पुढचा पल्ला फार लांबला. व्ही. एन. नाईक यांचा मराठवाड्याचा फ्लोरा 1998 चा, टी. पुल्लय्या यांचा तेलंगणाचा 2015 चा.

मग जुने ग्रंथ बाजूला ठेवायचे? मुळीच नाही. झाडांना इलाख्याची हद्द ठाऊक नसते. शिवाय कुक मराठी नावं देतात, गॅम्बल तेलुगू. लातूर-नांदेडकडून येऊन इथे स्थायिक झालेल्या माणसाला दोन्ही लागतात, कारण आपला पळस इथे मोदुगु होतो, मोह इप्पा होतो आणि बहावा रेला. दोन्ही पुस्तकांत सामाईक असलेल्या लॅटिन नावावर बोट ठेवलं की नर्सरीतल्या माणसाला काय मागायचं ते कळतं.

पण मला खरं नवल वाटतं ते या ग्रंथांतल्या किल्लीचं. फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क यांनी 1778 मध्ये ही युक्ती रूढ केली. दोन विधानं समोर ठेवायची, हातातल्या फांदीला लागू पडेल ते निवडायचं, की पुढची जोडी येते. असं करत माणूस नावापर्यंत पोचतो.

बतुकम्माच्या सणात मानाचं असलेलं पिवळं तंगेडु घ्या, आपला तरवड. नर्सरीत याच्या जवळपास दिसणारा, तसाच पिवळा एक परदेशी सेन्ना मिळतो आणि फुलावरून फसायला होतं. म्हणून पान उलगडून बघा. पर्णिकांच्या प्रत्येक जोडीमधे, मधल्या दांड्यावर, बारीकशी ग्रंथी उभी दिसली तर तरवड. परदेशी भावंडात ती फक्त खालच्या दोन-तीन जोड्यांत असते. आता देठाच्या बुडाशी बघा. तरवडाला तिथे मूत्रपिंडाच्या आकाराची रुंद उपपर्णं असतात आणि ती लवकर गळत नाहीत. लिनियसने 1753 मध्ये या झाडाला नाव दिलं ते या कानांसारख्या उपपर्णांवरूनच. पावणेतीनशे वर्षांपूर्वी टिपलेली खूण आज आपल्या चिमटीत तशीच्या तशी सापडते!

ग्रंथ वाचताना पायाखालचा खडकही ध्यानात ठेवावा. मराठवाड्याची काळी जमीन बेसाल्टची, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची. बंजारा हिल्सचा ग्रॅनाइट सुमारे 250 कोटी वर्षांचा. त्याची तांबडी, वाळूमिश्रित माती पाणी धरून ठेवत नाही. त्यामुळे ‘कोरड्या, खडकाळ जागी’ अशी नोंद असलेल्या झाडांवर पेन्सिलीने खूण करावी. पिवळ्याधमक फुलांचा गणेर त्यातलाच.

कुक आणि गॅम्बल या दोघांचेही ग्रंथ आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. छापील प्रत हवी तर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने 1950 च्या दशकात दोन्हींची पुनर्मुद्रणं काढली होती, ती जुन्या पुस्तकांच्या दुकानांत शोधावीत. सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्यावं, आणि सुरुवात तरवडापासूनच करावी. बियांचं कवच टणक असतं, तेव्हा पेरण्यापूर्वी त्या सँडपेपरवर हलकेच घासून रात्रभर पाण्यात ठेवाव्यात.