आधी विमा, मग केबिन : ज्येष्ठांच्या क्रूझ प्रवासाची पूर्वतयारी

क्रूझचे आरक्षण करताना घरात कोणत्या गोष्टींची चर्चा होते, हे आपल्याला ठाऊक आहे. बाल्कनीची केबिन घ्यावी की आतली, शाकाहारी जेवणाची सोय कशी आहे, गुडघे दुखणाऱ्यांना लिफ्ट जवळ पडेल का. विम्याचा विषय अगदी शेवटी निघतो. व्हिसासाठी लागतो म्हणून किंवा सहल कंपनीच्या पॅकेजमध्ये आलाच आहे म्हणून तो कागद फायलीत ठेवला जातो आणि कुणी उघडून पाहत नाही. साठी-सत्तरी ओलांडलेल्या प्रवाशांनी हा क्रम उलटा करावा, असे आम्ही आग्रहाने सांगू. आपला आजार विम्यात बसतो की नाही आणि बसत असेल तर किती दूरपर्यंत, हे समजल्यावाचून कोणत्या समुद्रावर जायचे हे ठरवता येत नाही.

जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर आणि परिचारिका असतात, ही गोष्ट खरी. मोठ्या जहाजांवर ईसीजी, एक्स-रे, प्राणवायू, व्हेंटिलेटर, रक्ताच्या काही प्राथमिक तपासण्या आणि रक्ताची गुठळी विरघळवणारी औषधे सामान्यतः उपलब्ध असतात. मात्र त्या दवाखान्याचा हेतू रुग्णाला सावरून धरणे आणि किनाऱ्यावरच्या रुग्णालयापर्यंत जिवंत पोहोचवणे एवढाच असतो. तेथे अँजिओप्लास्टी होत नाही, मोडलेल्या खुब्याची शस्त्रक्रिया होत नाही, रक्तपेढी नसते. डायलिसिसची सोयही, त्यासाठी खास आखलेल्या सहली सोडल्या तर, नसते.

शिवाय हा दवाखाना तिकिटाच्या किमतीत धरलेला नसतो. डॉक्टरांची तपासणी, सलाईन, औषधे यांचे बिल आपल्या केबिनच्या खात्यावर चढते आणि उतरण्यापूर्वी ते चुकते करावे लागते. भारतातल्या रुग्णालयातली कॅशलेसची सवय येथे उपयोगी पडत नाही. आधी पैसे भरायचे आणि घरी आल्यावर दावा करायचा, हीच सर्वसाधारण रीत आहे. म्हणून जहाजावरच्या डॉक्टरांच्या सहीचा अहवाल, बिलाचा तपशील आणि पावती या तीन गोष्टी घेतल्याशिवाय जहाज सोडू नये. उतरण्याच्या सकाळी सामानाची घाई असते आणि नेमके हेच कागद मागे राहतात.

आता मुख्य विषयाकडे येऊ. समुद्रावरच्या आजारपणात उपचारांइतकाच, कधीकधी त्याहून मोठा खर्च असतो तो रुग्णाला हलवण्याचा. पॉलिसीत यासाठी 'मेडिकल इव्हॅक्युएशन' असा शब्द असतो. वाचताना ती एकच गोष्ट वाटते, पण प्रत्यक्षात तिचे तीन टप्पे पडतात. पहिला टप्पा जहाजापासून किनाऱ्यापर्यंत, दुसरा किनाऱ्यावरच्या लहान रुग्णालयापासून योग्य सोयी असलेल्या मोठ्या रुग्णालयापर्यंत आणि तिसरा तेथून मायदेशी, आपल्या घराच्या गावापर्यंत. तिसऱ्याला पॉलिसीत बहुधा 'रिपॅट्रिएशन' हे वेगळे नाव असते. एखादी पॉलिसी तिन्ही टप्पे उचलते, एखादी पहिल्या दोहोंवर थांबते. तीन प्रश्न, तीन वेगळी उत्तरे. आणि ती एजंटाकडून तोंडी न घेता लेखी घ्यावीत.

एक उदाहरण घेऊ. मुलगा अमेरिकेत सिॲटलला आहे, आई-वडील सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे गेले आहेत आणि उन्हाळ्यात सर्वांनी मिळून अलास्काची सात दिवसांची क्रूझ करायचे ठरले आहे. आज कितीतरी मराठी कुटुंबांत हे घडते. वडील ७२ वर्षांचे, चार वर्षांपूर्वी स्टेंट बसवलेला. समजा, जुनो बंदराच्या अलीकडे त्यांच्या छातीत दुखू लागले. जुनो ही अलास्काची राजधानी असली तरी तेथे बाहेरून एकही रस्ता पोहोचत नाही. जायचे ते पाण्यातून किंवा हवेतून. गावात रुग्णालय आहे आणि ते प्राथमिक उपचार उत्तम करील, पण हृदयाच्या मोठ्या उपचारांसाठी रुग्णाला विमानाने अँकरेजला किंवा सिॲटलला न्यावे लागते. सिॲटल तेथून हवाई मार्गाने सुमारे १४०० किलोमीटर आहे. हे विमान म्हणजे डॉक्टर, परिचारिका आणि अतिदक्षतेची साधने घेऊन उडणारी रुग्णवाहिका. दुर्गम ठिकाणाहून असे हलवण्याचा खर्च एक लाख डॉलरच्याही वर जाऊ शकतो, असे अमेरिकेची सीडीसी ही सार्वजनिक आरोग्यसंस्था प्रवाशांना सांगते. अलास्कातले रहिवासीसुद्धा स्वतःसाठी हवाई रुग्णवाहिकेची वार्षिक सदस्यता घेऊन ठेवतात, यावरून काय ते समजावे.

याच सहलीत आणखी एक खोच आहे. १८८६ च्या एका अमेरिकी कायद्यामुळे परदेशी ध्वजाच्या प्रवासी जहाजाला सिॲटलहून निघून सिॲटललाच परतताना वाटेत एखादे परदेशी बंदर घ्यावेच लागते. म्हणून ही जहाजे कॅनडातल्या व्हिक्टोरियाला काही तास थांबतात. तेव्हा भारतीय पारपत्र असलेल्या आई-वडिलांसाठी कॅनडाच्या व्हिसाची अट आधीच तपासावी आणि अमेरिकेतल्या मुक्कामासाठी काढलेला विमा कॅनडात व खुल्या समुद्रावर चालतो का, हेही विचारावे. 'जगभर लागू' हे शब्द माहितीपुस्तिकेवर असणे पुरेसे नाही. पॉलिसीच्या मूळ मजकुरात कोणते देश वगळले आहेत, ते पाहावे.

हलवण्याबाबत अजून दोन अटी जवळजवळ सर्वत्र आढळतात. पहिली अशी, की रुग्णाला 'जवळच्या योग्य रुग्णालयात' नेले जाते. 'तुमच्या पसंतीच्या' रुग्णालयात नव्हे. जवळच्या शहरात उपचार शक्य असतील, तर आम्हाला मुंबईलाच न्या, असे म्हणता येत नाही. दुसरी अट अधिक कठोर आहे. हलवण्याचा निर्णय विमा कंपनीच्या साहाय्यता केंद्रातील डॉक्टर जहाजावरच्या डॉक्टरांशी बोलून घेतात. नातेवाइकांनी घाबरून परस्पर हवाई रुग्णवाहिका बोलावली, तर तो खर्च नाकारला जाण्याची शक्यता मोठी. म्हणून चोवीस तास चालणारा साहाय्यता क्रमांक आणि पॉलिसी क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून एक प्रत प्रवाशाच्या पाकिटात, एक जोडीदाराकडे आणि एक घरी राहिलेल्या मुला-सुनेकडे असू द्यावी. जहाजावरचे इंटरनेट मंद आणि महाग असते. पुण्यात किंवा नाशिकमध्ये बसलेली सून साहाय्यता केंद्राशी अधिक सहज बोलू शकते.

तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरचे काय, असे कुणी विचारील. जीव वाचवण्यासाठी केलेल्या अशा बचावकार्याचे पैसे अनेक देशांत आकारले जात नाहीत. पण हेलिकॉप्टरचा पल्ला मर्यादित असतो, हवामान आड येते आणि ते रुग्णाला किनाऱ्यावर पोहोचवून परतते. खर्चाचा खरा हिशेब तेथून पुढे सुरू होतो.

रुग्णाला एखाद्या बंदरावर उतरवले, की जहाज त्याच्यासाठी थांबत नाही. बरोबरचा जोडीदार सामानासह अनोळखी गावात उतरतो. त्याची हॉटेलची राहणी, परतीचे नवे तिकीट, भारतातून एका नातेवाइकाला बोलावण्याचा खर्च, हे सर्व चांगल्या पॉलिसीत स्वतंत्र कलमांखाली असते. काळजीवाहक वाचकांनी ही कलमे आपल्यासाठीच आहेत असे समजून वाचावीत. सत्तरीच्या आईला परक्या बंदरावर एकटीने चार दिवस काढावे लागतील की तिसऱ्या दिवशी लेक तिच्याजवळ पोहोचेल, हे बऱ्याचदा त्या एका ओळीवर ठरते.

आता आधीपासूनच्या आजारांविषयी. रक्तदाब, मधुमेह, स्टेंट, दमा, मूत्रपिंडाचा विकार यांपैकी काही ना काही आपल्या वयात असतेच. भारतातल्या अनेक प्रवास विमा योजनांत अशा आजारासाठी फक्त जिवावर बेतलेल्या प्रसंगी, तेही ठरावीक मर्यादेपर्यंत, खर्च मिळतो. मुखपृष्ठावर अडीच लाख डॉलर छापलेले असतात आणि आतल्या पानावर पूर्वीच्या आजारासाठीची मर्यादा त्याच्या एका लहानशा अंशाएवढी असते. साठीनंतर खोलीभाडे, अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रिया यांवरही वेगवेगळ्या उपमर्यादा लावणाऱ्या योजना आहेत. म्हणून मोठ्या आकड्याला भुलू नये. अमेरिकेत पाहुणे म्हणून आलेल्यांसाठीच्या योजनांत जुन्या आजाराचा 'अकस्मात उद्भवलेला तीव्र झटका' एवढाच धरला जातो. त्यासाठी ठरावीक तासांत उपचार सुरू होण्याची आणि वयाची अट असते. वयाची ही रेघ कुठे सत्तरीला, कुठे ऐंशीला ओढलेली असते.

आजार लपवल्यास हप्ता कमी बसतो, हा सल्ला देणारे लोक भेटतात. तो ऐकू नये. दावा आला की कंपनी जुने कागद मागवते, आणि रुग्णाच्या खिशातल्या गोळ्यांची पट्टीही जहाजाच्या डॉक्टरांच्या नोंदीत येते. लपवलेल्या एका आजारापायी उघड सांगितलेल्या गोष्टींचाही दावा अडकतो. आणखी एक बारकावा फार थोड्यांना माहीत असतो. काही योजनांत आजार 'स्थिर' असण्याची अट असते. प्रवासाआधीच्या काही महिन्यांत गोळीची मात्रा बदलली, नवी गोळी सुरू झाली किंवा डॉक्टरांनी एखादी तपासणी सुचवली आणि ती राहून गेली, तर तो आजार अस्थिर मानला जाऊ शकतो. यासाठी औषध बदलणे टाळू नका, एवढे कृपा करून लक्षात ठेवा; बदल झाल्यास विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. आपल्या डॉक्टरांकडून आजारांचा इतिहास, चालू औषधांची मूळ रासायनिक नावे आणि अलीकडचा ईसीजी असा एका पानाचा इंग्रजी सारांश घ्यावा. तो विम्याच्या अर्जालाही उपयोगी पडतो आणि जहाजाच्या डॉक्टरांनाही.

मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या जहाजावर तर आपण देशातच आहोत, मग घरचा आरोग्य विमा पुरेल, असा समज दिसतो. परदेश प्रवासाची पॉलिसी येथे लागू होत नाही, हे खरे. पण घरच्या पॉलिसीत 'रुग्णालय' या शब्दाची व्याख्या ठरलेली आहे. ठरावीक खाटा, चोवीस तास परिचारिका, शस्त्रक्रियागृह या अटी त्यात येतात आणि जहाजाचा दवाखाना त्या सहसा पूर्ण करीत नाही. लक्षद्वीपची बेटे कोचीपासून २२० ते ४४० किलोमीटर दूर आहेत. तेथून गंभीर रुग्णाला मुख्य भूमीवरच आणावे लागते. तेव्हा आपल्या पॉलिसीत हवाई रुग्णवाहिकेचे कलम आहे का, आणि त्याची मर्यादा किती, हे पाहूनच निघावे. समुद्रावरील संकटासाठी भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हा मदत क्रमांक आहे.

जहाज कंपनी स्वतः विकते तो विमा सोयीचा असतो, परंतु त्यात हलवण्याची रक्कम तोकडी असू शकते. वेगळ्या पॉलिसीशी तिची तुलना करावी. क्रेडिट कार्डाबरोबर मिळणाऱ्या विम्यावर या वयात विसंबू नये. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचे संरक्षण मागितले जाते. तो आकडा व्हिसा मिळण्यापुरता आहे, आपल्या हृदयाचा विचार करून कुणी तो ठरवलेला नाही.

कागद इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत असतो, ही तक्रार योग्यच आहे. १ जानेवारी २०२४ पासून आरोग्य विम्याच्या पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक देणे बंधनकारक झाले असून ग्राहकाने मागितल्यास ते स्थानिक भाषेत मिळण्याची तरतूद आहे. प्रवास विमा घेतानाही तसे पत्रक मराठीत मागावे. भारतीय कंपनीने दावा अन्यायाने नाकारला, तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तेथे दाद न लागल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. त्याची कार्यालये मुंबईत व पुण्यात आहेत, शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

इतके पाहूनही आपला आजार कोणत्याच पॉलिसीत नीट बसत नसेल, तर? तर समुद्र सोडण्याची गरज नाही, मार्ग बदलावा. भूमध्य समुद्रातली जहाजे जवळजवळ रोज एखाद्या बंदराला लागतात. बार्सिलोना, मार्सेय, जिनोआ, नेपल्स ही सारी मोठ्या रुग्णालयांची शहरे आहेत. सिंगापूरहून निघणाऱ्या तीन-चार दिवसांच्या सहलींतही किनारा फार दूर राहत नाही. याउलट अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजावर सलग सहा-सात दिवस केवळ पाणी असते आणि मधल्या दिवसांत हेलिकॉप्टरही पोहोचत नाही. ज्यांना गेल्या वर्षभरात स्टेंट बसला आहे किंवा ज्यांचा दमा अजून आटोक्यात नाही, त्यांनी हा दुसरा प्रवास यंदा तरी घेऊ नये. बार्सिलोनाचे तिकीट काढावे, आणि तेही पॉलिसी हाती आल्यानंतर.