एका शिवारात दोन कमाविसदार

सिकंदराबादला नाव मिळाले ते तिसरा निजाम सिकंदरजाह याच्यावरून, 1806 मध्ये. हुसेनसागराच्या उत्तरेला तेव्हा इंग्रजांची छावणी होती. राजधानीच्या उशाशी परकी फौज कायमची बसवण्याची पाळी हैदराबादवर का आली, हे समजायचे तर शतकभर मागे जावे लागते.

1707 मध्ये औरंगजेब गेला आणि दख्खनचे सहा सुभे नावापुरते दिल्लीचे उरले. 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथांनी या सहाही सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा शाहू महाराजांसाठी दिल्लीहून आणल्या. 1724 मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईत हैदराबादचा मोगल सुभेदार मुबारिजखान पडला आणि निजामुल्मुल्क दख्खनचा धनी झाला. म्हणजे मुलूख एकच, हक्कदार दोन, आणि दोघेही पातशाहीच्या कागदावर बोट ठेवणारे.

आपल्या इतिहासात लढायांना फार जागा मिळाली, कुलकर्ण्याच्या दप्तराला फार थोडी. या काळाची खरी हद्द त्या दप्तरातच होती. एकाच गावाच्या वसुलावर निजामाचा आमील आणि मराठ्यांचा कमाविसदार हक्क सांगत. चौथा हिस्सा चौथाईचा, वर शेकडा दहा सरदेशमुखी. पाटील-कुलकर्ण्यांनी दोघांचाही हिशोब राखायचा आणि फौज आली की उभ्या ज्वारीची काळजी रयतेने वाहायची. हद्द शिवेच्या दगडावरून जात नव्हती, धान्याच्या राशीतून जात होती.

निजामाने ही गुंतागुंत नेमकी हेरली. छत्रपती शाहू की कोल्हापूरचे संभाजी, हे ठरेपर्यंत चौथाई कोणाला द्यायची, असा पेच त्याने घातला आणि वसूल अडवला. बाजीरावांनी त्याला फेब्रुवारी 1728 मध्ये पालखेडला कोंडले. मार्चमध्ये मुंगी-शेवगावच्या तहात त्याला शाहूंचा हक्क मानावा लागला. मात्र या झगड्याला दोन जमातींचे वैर म्हणता येत नाही. चंद्रसेन जाधव, रावरंभा निंबाळकर यांच्यासारखे मातबर मराठे निजामाकडेच होते.

मधली सत्ता ढासळली की एकाच मुलखावर अनेक हक्कदार उभे राहतात, हे दख्खनपुरते नव्हते. चीनमध्ये 1912 मध्ये छिंग घराणे गेले, 1916 मध्ये राष्ट्राध्यक्ष युआन शिकाय वारला, आणि प्रांतोप्रांतीचे सेनापती धनी झाले. मांचुरियात चांग त्सोलिन, शान्सीत येन शीशान. सिचुआनमध्ये तर सेनापतींनी प्रांत वाटून घेतला आणि कित्येक वर्षांचा सारा आगाऊ वसूल केला. राजधानी कोणाच्या हाती, यापेक्षा आपल्या गावातून सारा कोण नेतो, हेच तिथल्या शेतकऱ्यालाही आधी विचारावे लागे.

इकडे दख्खनमध्ये 1760 च्या उदगीरच्या लढाईनंतर साठ लाखांचा मुलूख मराठ्यांकडे आला, 1763 मध्ये राक्षसभुवनला आणि 1795 मध्ये खर्ड्याला निजाम पुन्हा हरला. खर्ड्याला इंग्रज मदतीला आले नाहीत, तरी 1798 मध्ये निजामाने त्यांचीच तैनाती फौज पत्करली. 1800 मध्ये तिच्या खर्चापोटी बळ्ळारी-कडपा गेले. 1853 मध्ये हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवले गेले, आणि 1902 मध्ये ते वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या कायमच्या पट्ट्याने दिले गेले. हैदराबादची नाणी मात्र 1857 च्या उठावापर्यंत दिल्लीच्या पातशाहाच्याच नावाने पडत होती.